शत्रूच्या घरचा गहू

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील रशियन क्षेपणास्त्रांमुळे जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. २५ ऑक्टोबर रोजी पोप तेविसावे जॉन यांनी नभोवाणीवरून राज्यकर्त्यांना वाटाघाटींसाठी कळकळीची विनवणी केली. दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या ‘प्रावदा’ने, एका निरीश्वरवादी राजवटीच्या मुखपत्राने, ती पहिल्या पानावर छापली! २८ तारखेस ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे मान्य केले.

पुढील वर्षी उभय राजधान्या थेट संदेशवाहिनीने जोडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. त्याच वर्षी रशियात पीक बुडाले, तेव्हा केनेडी यांनी अमेरिकेचा गहू विकण्यास संमती दिली.

मात्र व्यापार म्हणजे सलोखा नव्हे. अफगाणिस्तानावरील आक्रमणानंतर जानेवारी १९८० मध्ये कार्टर यांनी धान्यविक्रीवर निर्बंध घातले. रशियाने अर्जेंटिनाकडून धान्य मिळवले. तोटा अमेरिकन शेतकऱ्यांनी सोसला. १९८१ मध्ये रेगन यांनी ते निर्बंध उठवले.

आधी संवाद, मग सौदा, हाच क्रम आम्हास टिकाऊ वाटतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती ‘माझी’ नव्हे, ‘आमची’ म्हणून. त्या ‘आमची’मध्ये शत्रूचेही ताट येते, हे विसरून कसे चालेल?