अनेक हातांचे अवजार



माझे शिक्षण कॉलेजात झाले नाही. मागावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा वेब सर्व्हरसारख्या विषयावर मी का बोलावे, असे आपणांस वाटेल. परंतु अवजार कोणाचे आणि ते दुरुस्त ठेवणाऱ्याची वास्तपुस्त कोण घेतो, हा कामगार चळवळीचा जुनाच प्रश्न आहे.

आपण फोनवर एखादे पान मागतो, तेव्हा दूरच्या यंत्रावरील एक प्रोग्राम ते आपल्याकडे धाडतो. तोच वेब सर्व्हर. मागणे कसे करावे व उत्तर कसे द्यावे, याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्या प्रोटोकॉलात सारे मागणे एका ओळीत संपत असे.

पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर सर्वत्र पसरला. १९९४ च्या मध्यास मॅकूल तेथून गेले आणि काम थंडावले. मूळ लिखाण मात्र खुले होते. वापरणारे आपापल्या गरजेपुरती ठिगळे लावू लागले. एकाचे ठिगळ दुसऱ्याला ठाऊक नसे. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांतले आठ जण ईमेलने एकत्र आले. ब्रायन बेहलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग, रॉबर्ट थाऊ हे त्यांतले. बदल स्वीकारायचा की नाही, हे ते मत देऊन ठरवीत. हाच अपाची गट.

पण ठिगळांवर ठिगळे किती काळ टिकणार? एक शिवण उसवली की दुसरी ताणते. थाऊ यांनी सर्व्हरची मांडणीच नवी केली. गाभा लहान ठेवला आणि त्यात ठरावीक जागी सांधे ठेवले. मागणे आले, पाहणाऱ्याची ओळख पटवायची, उत्तर धाडायचे, नोंद करायची, अशा प्रत्येक टप्प्यावर बाहेरचा कोणीही आपला जोडभाग, म्हणजे मॉड्यूल, बसवू शके. साध्या मागावर डॉबी चढवली की त्याच मागावर नक्षीचे काठ निघतात, माग मोडावा लागत नाही, तसेच हे. १ डिसेंबर १९९५ रोजी अपाचीची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली आणि वर्षाच्या आत ती एनसीएसएच्या सर्व्हरपुढे गेली.

त्या सांध्यांची खरी कसोटी वीस वर्षांनी लागली. मे २०१५ मध्ये एचटीटीपी-२ हा नवा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला. एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकमेकींत मिसळून नेण्याची त्याची रीत जुन्याहून अगदी वेगळी. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरात अपाचीला तो जोडभागाच्या रूपाने मिळाला. ज्याला नको त्याने बसवू नये, इतकी मोकळीक राहिली.

येथवर गोष्ट गोड आहे. पण प्रत्येक सांधा कोणीतरी राखावा लागतो. सुरक्षित संभाषणासाठी अपाचीसारखे अनेक सर्व्हर ओपनएसएसएल नावाच्या संचावर विसंबून होते. मार्च २०१२ मध्ये त्यात नव्या प्रोटोकॉलची एक भर पडली. समोरचा मजकुराची जी लांबी सांगेल, ती पडताळण्याचे त्यात राहून गेले. थोडके पाठवून पुष्कळ पाठवल्याचे सांगणाऱ्याला यंत्राच्या स्मृतीतील परक्याची गुपिते परत मिळत. हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला; त्याला ‘हार्टब्लीड’ म्हणतात. दोन वर्षे तो कोणाच्या ध्यानी आला नव्हता.

लोकांनी लिहिणाऱ्याला दोष दिला. मी हिशेबाची वही पाहतो. जगभरच्या दुकानांचा व्यवहार ज्याच्या भरवशावर चाले, त्या संचावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस तेव्हा अवघा एक होता, आणि देणग्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर! बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी वर्गणी काढली. अपघात झाल्यावरच बॉयलर तपासणारे मालक मी पाहिले आहेत. त्यात मला नवे काही दिसले नाही.

खुल्या अवजाराने एक गोष्ट सिद्ध केली: मूळ कारागीर निघून गेला तरी वापरणारे एकत्र येऊन काम पुढे नेऊ शकतात. दुसरी गोष्ट अजून सिद्ध व्हायची आहे. जे सर्वांचे, त्याची राखण करणाऱ्याचे पोटही सर्वांनीच पाहावे. सांधा मोकळा ठेवणे हे कौशल्य झाले. सांधा राखणाऱ्याला मजुरी देणे हा न्याय.