गोडसे भटजींची ऑनसाईट



गाडी घेऊन गंगा-यमुनेच्या मुलखात निवांत भटकायचं, झाशी-कानपूर-लखनौ-काशी करायचं, असा बेत सिंगापुरात बसून आपल्यातले बरेच जण आखतात. रजा मिळते दहा दिवसांची. त्यातले पाच नातेवाइकांकडे जातात, की बेत पुढच्या वर्षावर! या मुलखाचा मराठीतला सर्वांत गाजलेला प्रवास ज्याने केला, त्याला रजेची अडचण नव्हती. पैशांची होती.

विष्णुभट गोडसे, गाव वरसई, तालुका पेण. घरची भिक्षुकी आणि डोक्यावर कर्ज. १८५७ साली बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार. तिशीतले विष्णुभट काका रामभटांना घेऊन निघाले. आपल्या भाषेत ही चक्क ऑनसाईट असाइनमेंट! कर्ज फेडण्यापुरतं कमवायचं आणि परत यायचं. आपणही फार वेगळ्या कारणाने बाहेर पडलेलो नाही.

बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ मध्येच सुरू झाली होती, पण बोरघाट रुळांनी चढायला १८६३ उजाडलं. त्यामुळे पायी नाहीतर बैलगाडीने, दिवसाला पाच-सहा कोस. महूच्या आसपास पोचतात तो शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली. शहाणपण परत फिरण्यात होतं. हे पुढे गेले. यज्ञ काही झाला नाही, आणि भटजी बंडाच्या ऐन मध्यात सापडले.

झाशीत त्यांना राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय मिळाला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने वेढा घातला, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटल्या. मागे राहिलेल्या शहराचं काय झालं, ते भटजींनी आतून पाहिलं. कत्तल, लूट, जळती घरं, पाण्यासाठी तडफडणारी माणसं. जवळचा पैसा गेला तो तिथेच. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी दमलेल्या राणी त्यांना पुन्हा भेटल्या. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून त्या स्वतः पुढे झाल्या, असं ते लिहितात. पुढच्या काही आठवड्यांतच, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ राणी पडल्या.

भटजींनी मात्र यात्रा सोडली नाही. चित्रकूट, ब्रह्मावर्त, काशी असं करत, वाटेत लुटले जात, संशयाला तोंड देत ते घरी परतले. कनवटीला फारसं काही नव्हतं. बरोबर होती गंगेची कावड.

बंडानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हे लिहून काढलं. 'माझा प्रवास' छापून निघालं १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. वैद्यांनी भाषेवरून हात फिरवला, काही मजकूर गाळला. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ ची. म्हणजे भटजी आपल्यापर्यंत त्यांच्या स्वतःच्या शब्दांत पोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

आता कोणी म्हणेल, यात ऐकीव गोष्टी खूप आहेत. आहेतच. कंपनी सरकारने धर्म बुडवण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमांची यादी राजेरजवाड्यांपुढे ठेवली, असं ते लिहितात. इतिहासकार याला अफवा मानतात. पण बंड अशाच अफवांवर पेटत होतं! सरकारी खलित्यांत तोफा आणि पलटणी मोजलेल्या सापडतात. धर्मशाळेत रात्री लोक काय बोलत होते ते सापडत नाही. ते ऐकायला कुणीतरी पाच-सहा कोसांच्या चालीने जावं लागतं, रोज नव्या गावी मुक्काम करावा लागतो. त्यांचं पुस्तक मोलाचं झालं ते या संथपणामुळे, असं माझं मत.

आणि हा इतिहास फक्त तिकडचा नाही बरं का. त्या वेळी सिंगापूरचा कारभारही कलकत्त्याहूनच चाले, आणि हिंदुस्थानातले कैदी, आपल्या मुंबई इलाख्यातलेसुद्धा, इथे जन्मठेपेवर येत. १८५७ मध्ये बंडवाले शिपाई इथे पाठवतील या भीतीने इथल्या गोऱ्या रहिवाशांनी ओरड केली. १८५८ पासून अंदमानची कैदी वसाहत उभी राहिली. सिटी हॉल स्टेशनबाहेरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्याच वर्षांत या कैद्यांच्या हातांनी बांधलं जात होतं. त्यांतल्या एकाही मराठी कैद्याचा 'माझा प्रवास' माझ्या पाहण्यात नाही. त्यांना लिहायला सांगणारे वैद्य कुठून मिळणार!

असो. पुढच्या वेळी झाशीला जायचा योग आला तर पोतदारांची आवृत्ती जरूर बरोबर न्या. नुसता किल्ला बघून परतू नका, खाली शहराच्या गल्ल्यांतही हिंडा. आणि आपल्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या रंगून, एडन किंवा आफ्रिकेतल्या नोकरीच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत जायच्या आधी स्कॅन करून ठेवा. शुद्धलेखन आपण दुरुस्त करू नये, एवढंच!