आठ ओळींचा औदुंबर

ओळी थोड्या आणि आशय मोठा, अशी कविता वाचताना वाचकाची खरी कसोटी लागते. बालकवींची ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता या जातीची आहे. आमच्या धर्मग्रामातील अनेकांनी ती शाळेत पाठ केली असेल, ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाचे उत्तर लिहून गुणही मिळवले असतील. परंतु अलंकाराचे नाव सांगितले म्हणजे कविता कळली असे नव्हे.

प्रथम कवीविषयी थोडेसे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार. सतरा वर्षांच्या ठोमरे यांची कविता ऐकून त्यांनी या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी दिली. झाडापेडांचा अभ्यास करणाऱ्याने निसर्गकवीला ओळखावे, हा योग मोठा रम्य आहे.

त्या संमेलनास रेव्हरंड नारायण वामन टिळक उपस्थित होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले हे कवी पंथाने प्रॉटेस्टंट. पण मराठी ख्रिस्ती साहित्याचे ऋण सांगताना आपणही त्यांचेच नाव आधी घेतो. त्यांनी ठोमरे यांना अहमदनगरला आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हा हळवा, लहरी मुलगा घरातल्या लेकरासारखा वावरताना दिसतो. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. ते नाते मायेचे आणि कवितेचे होते.

आता कवितेकडे वळू. दोन्ही काठांना हिरवळ घेऊन एक निळसर झरा वाहतो. टेकडीपाशी मोजक्या घरांचे खेडे आहे, पुढे दाट शेते आहेत. त्यांतून निघालेली पांढरी पायवाट वेडीवाकडी होत काळ्या डोहाशी येते आणि तेथे पाण्यात पाय सोडून औदुंबर बसलेला असतो. एवढेच!

रंगांची योजना पाहावी. हिरवा रंग पुनःपुन्हा येतो; पांढऱ्या वाटेने डोळा पुढे जातो आणि काळ्याशी येऊन थांबतो. झरा वाहतो, वाट चालते. शेवटी मात्र सारी हालचाल शांत होते. लागोपाठच्या दोन ओळींची यमके जुळत जातात, तीही पायवाटेवरच्या पावलांसारखी. काळेपणाला कवी गोडी देतो. येथे विरोधाभास आहे. झाड माणसासारखे बसते; येथे चेतनगुणोक्ती आहे. पण या अलंकाराचे खरे बळ निराळेच आहे. कवितेत घरे आहेत, शेते आहेत, वाट आहे. माणूस मात्र एकही नाही. माणसाची बैठक मिळाली आहे ती झाडाला. अलंकार काढून घेतला तर आशयही नाहीसा होतो.

हा औदुंबर कोण, यावर मराठीत पुष्कळ चर्चा झाली. कोणी त्यात केवळ चित्र पाहिले. कोणी दत्तगुरूंच्या वृक्षाची विरक्ती पाहिली. कोणी कवीची उदासी, मृत्यूची छायाही पाहिली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. तो अंत ठाऊक असल्याने आपण त्याची सावली कवितेवर पाडतो. आमचे मत असे की, हा न्याय नव्हे. कविता दुःख म्हणत नाही, बोधही करीत नाही. ती आपल्याला डोहाशी आणून सोडते व गप्प होते. ते मौन सहन न झाल्यामुळे आपण घाईने तात्पर्य चिकटवतो. प्रवचनकारांना तर ही सवय फारच!

उंबर आपल्याला परका नाही. मराठी बायबलात जक्कय प्रभूला पाहण्यासाठी उंबरावरच चढतो. तो चढला तो पाहण्यासाठी. बाकीचे सारे त्यानंतर घडले. कवितेतही आधी पाहावे, अर्थ मागून येतो.

आज हे सांगण्यास कारण आहे. पनवेलला गाढी नदी आहे, पण तिच्या काठी पाय सोडून बसणारी मुले किती? जवळच विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. प्रवासाची सोय झाली, हे खरेच. तथापि झरा, पायवाट, डोह हे शब्द ज्या मुलांना केवळ पुस्तकातून भेटतील, त्यांना ही कविता कोणी दाखवायची? ते काम घरानेच केले पाहिजे. पालकांनी एखाद्या संध्याकाळी या आठ ओळी मुलांसमवेत मोठ्याने वाचाव्यात. अलंकार विचारू नयेत. ‘तुला काय दिसले?’ एवढेच विचारावे. उंबराची फुले फळाच्या आतच असतात, वरून दिसत नाहीत. या कवितेचा अर्थही तसाच आत आहे. तो मुलांनी स्वतः शोधावा.