सिरियल कन्सोल आणि सदोष फर्मवेअर : युनिक्स सर्व्हरच्या दोषनिदानाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात वेग व क्षमता यांची चर्चा विपुल झाली आहे. बिघडलेल्या संगणकाशी संवाद कसा साधला जात असे, हा विषय मात्र काहीसा उपेक्षित राहिला. पडदा आणि नेटवर्क दोन्ही निकामी झाल्यावर सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा जो मार्ग उरतो, तो म्हणजे सिरियल कन्सोल होय. हा मार्ग विश्वसनीय का ठरला आणि पुढे त्यातच दोष कसा शिरला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उगम

सिरियल जोडणीचे आरएस-२३२ हे मानक १९६० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी आरंभली, तेव्हा संवादाचे साधन टेलिटाइप हा दूरमुद्रक होता. सेकंदाला १० अक्षरे हा त्याचा वेग. युनिक्समध्ये टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात, ते या यंत्राच्याच नावावरून.

फर्मवेअर आणि निदानाची पद्धत

यंत्र सुरू होताच प्रथम चालणारी, चिपमध्ये साठवलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. १९८९ मध्ये सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन १ या संगणकासोबत ओपनबूट हे फर्मवेअर आले. मिच ब्रॅडली यांनी रचलेल्या या फर्मवेअरला फोर्थ भाषेतील आज्ञा देता येत. १९९४ मध्ये त्यावर आधारित आयईईई १२७५ हे मानक प्रसिद्ध झाले.

एकाच तारेवरून आधी फर्मवेअर, नंतर कर्नल आणि शेवटी लॉगिनची आज्ञावली बोलत असे. त्यामुळे संवाद कोठे थांबला, यावरून दोषाचे स्थान ठरवता येई. आरंभापासून मौन असल्यास केबल किंवा यंत्राची प्राथमिक चाचणी संशयास्पद. निरर्थक अक्षरे उमटल्यास दोन्ही टोकांच्या वेगात तफावत. कर्नलचे संदेश येऊनही लॉगिन न आल्यास दोष पोर्टच्या मांडणीत, असा हा तर्क होता.

स्मृतिभ्रंशाचे उदाहरण

या संगणकांची मूलभूत माहिती बॅटरी अंतर्भूत असलेल्या एका चिपमध्ये राहत असे. सुमारे १० वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र स्वतःचा इथरनेट पत्ताही विसरे आणि नेटवर्कवर येऊ शकत नसे. अशा वेळी फर्मवेअर मूळ मांडणीकडे परते. कळफलक जोडलेला नसल्यास ९६०० बॉड वेगाने पहिल्या सिरियल पोर्टवर ‘ओके’ हा सूचक उमटे. तेथून पत्ता व त्याची पडताळणी-बेरीज पुन्हा भरता येई. अर्थात वीज जाईपर्यंतच. कायमचा उपाय चिप बदलणे हाच होता. सर्व विसरलेल्या यंत्राशीही बोलता येत होते, कारण ही मूळ मांडणी तंत्रज्ञांना आधीच ठाऊक होती.

कन्सोलमधील दोष

फर्मवेअरशी असलेल्या या जवळिकीची दुसरी बाजूही होती. तारेवर ‘ब्रेक’ संकेत येताच चालता सर्व्हर थांबून ‘ओके’ सूचकावर येई. जोडलेल्या टर्मिनलची वीज बंद-चालू झाली, तरी असा संकेत निर्माण होऊ शकत असे. म्हणून सोलारिस प्रणालीत ‘ब्रेक’ऐवजी ठरावीक अक्षरक्रम स्वीकारण्याची सोय करण्यात आली.

पुढे कन्सोलची जबाबदारी स्वतंत्र देखरेख प्रक्रियकाकडे गेली. १९९८ मध्ये आयपीएमआय मानक आले. २००४ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सिरियल संवाद नेटवर्कवरून नेण्याची तरतूद झाली. सोय वाढली, परंतु कन्सोलला स्वतःचे फर्मवेअर लाभले आणि त्यासोबत दोषही. २०१७ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या आयएलओ ४ या देखरेख प्रणालीतील दोष जाहीर झाला. विनंतीच्या एका मथळ्यात ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहून ओळखीची तपासणी टाळता येत होती. सर्व्हरच्या सुटकेचा मार्गच परक्याला खुला झाला होता. कंपनीने सुधारित फर्मवेअर देऊन तो दोष दूर केला.

समारोप

सिरियल कन्सोलचे सामर्थ्य त्याच्या अल्प अवलंबनात होते. तो जितका सुसज्ज झाला, तितकी त्याच्याही परीक्षणाची गरज वाढली. आपत्तीत उपयोगी पडणारे साधन आपत्तीपूर्वीच तपासून ठेवावे आणि ते स्वतः कशावर अवलंबून आहे याची नोंद असावी, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.