शॉक नेमका कधी द्यायचा? जिनिव्हा, मॉस्को, बॉस्टन

सिनेमात हे दृश्य ठरलेलं असतं. मॉनिटरवर सरळ रेघ, डॉक्टर छातीवर दोन पॅडल टेकवतात, पेशंट उसळतो आणि रेघ पुन्हा नाचायला लागते. खरं तर सरळ रेघेवर शॉकचा उपयोग नसतो. शॉक लागतो तो फिब्रिलेशनमध्ये. तेव्हा हृदय थांबलेलं नसतं. त्याचे स्नायू आपापल्या तालावर थरथरत असतात आणि रक्त मात्र पुढे जात नाही. सगळा वर्ग एकदम बोलत असताना बाईंनी टेबलावर छडी आपटावी, तसा शॉक सगळ्यांना क्षणभर गप्प करतो. मग हृदयाचा नेहमीचा ताल पुन्हा सुरू व्हायला वाव मिळतो.

पण विजेने माणसं मरतात, आणि मरतात तीही बऱ्याचदा याच फिब्रिलेशनमुळे. मग तीच वीज वाचवते कशी?

१८९९ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि बात्तेली या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना हे पाहिलं. कमी जोराच्या प्रवाहाने फिब्रिलेशन सुरू होत होतं, जास्त जोराच्या प्रवाहाने ते थांबत होतं. त्यांना विजेने मृत्यू कसा येतो हे शोधायचं होतं, त्यामुळे उपचाराचा धागा तिथेच राहिला.

तो पुढे गेला एका विद्यार्थिनीमुळे. लीना श्टर्न जिनिव्हात शिकल्या, प्रेव्होंच्या प्रयोगशाळेत वाढल्या आणि बात्तेलींबरोबर त्यांनी बरीच वर्षं संशोधन केलं. १९२५ मध्ये त्या मॉस्कोला गेल्या. तिथे त्यांच्या संस्थेत नाउम गुर्विच या तरुण संशोधकाने हाच प्रश्न पुन्हा हातात घेतला. १९३९ मध्ये गुर्विच आणि युनियेव यांनी प्राण्यांवरचे निष्कर्ष छापले: भिंतीतल्या सॉकेटची एसी वीज नको, कपॅसिटर वापरा. म्हणजे काय, तर टाकीत पाणी साठवून एकदम सोडावं तशी वीज साठवायची आणि काही मिलिसेकंदांत छातीतून सोडून द्यायची.

हे संशोधन रशियन भाषेत अडकून पडलं असं म्हणावं, तर तेही नाही. १९४६-४७ मध्ये ते अमेरिकेत इंग्रजीत छापून आलं होतं.

त्याच १९४७ साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक या सर्जननी १४ वर्षांच्या एका मुलाला वाचवलं. ऑपरेशन संपत आलं असताना त्याचं हृदय फिब्रिलेशनमध्ये गेलं. बेकनी छाती पुन्हा उघडली, हृदय हाताने दाबत ठेवलं आणि थेट हृदयावर शॉक दिला, पण एसीचा. १९५६ मध्ये बॉस्टनच्या पॉल झोल यांनी छाती न उघडता शॉक देता येतो हे माणसांवर दाखवलं. तोही एसीच. हे यंत्र जड असायचं आणि प्लग लावल्याशिवाय चालायचं नाही.

मॉस्कोत मात्र १९४९ साली श्टर्न यांना अटक झाली. ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या खटल्यातून, १९५२ मध्ये, त्या एकट्या जिवंत सुटल्या आणि हद्दपार झाल्या. गुर्विचचं कपॅसिटरवरचं काम तरीही चालू राहिलं.

आता बॉस्टन. १९५९ मध्ये बर्नार्ड लाउन यांच्याकडे अतिवेगवान ठोक्यांचा एक पेशंट होता. औषधं थकली, शेवटी झोल यांचा एसी शॉक दिला आणि ताल परत आला. पण प्राण्यांवर तपासताना लाउनना दिसलं की एसीने हृदयाला इजा होते आणि कधी कधी शॉकनेच फिब्रिलेशन सुरू होतं. इंजिनिअर बरूख बर्कोविट्झ यांच्याबरोबर तेही कपॅसिटरवर आले.

इथे त्यांनी वेळेचं गणित घातलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरत असतं. त्यातला एक छोटा टप्पा, ईसीजीवरच्या टी-लाटेच्या शिखराच्या जरा आधीचा, फार नाजूक असतो. त्या टप्प्यावर शॉक पडला तर चालतं हृदय फिब्रिलेशनमध्ये जाऊ शकतं. एसी प्रवाह सेकंदाला ६० वेळा हेलकावत बराच वेळ चालतो, त्यामुळे तो टप्पा चुकवणं अवघड. कपॅसिटरचा शॉक इतका छोटा असतो की तो ईसीजीच्या आर-लाटेला जोडून देता येतो. १९६२ मध्ये लाउन आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. यालाच आपण कार्डिओव्हर्जन म्हणतो: हृदय अजून चालू आहे, ताल चुकलाय, म्हणून ठोका बघून शॉक द्यायचा.

आणखी एक फायदा झाला. कपॅसिटर बॅटरीवर भरता येतो. १९६६ मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज यांनी डीफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत चढवला. तेव्हा तो सुमारे ७० किलोचा होता, पण पेशंटच्या दारापर्यंत पोचला.

१९३९ ते १९६२ म्हणजे २३ वर्षं. अमेरिकेत इंग्रजी भाषांतर उपलब्ध होऊनही त्यातली १५ गेली. शीतयुद्ध हे एक कारण दिसतं. दुसरं जास्त साधं आहे: एसी शॉकने माणसं वाचत होती, त्यामुळे पद्धत बदलायची घाई कोणाला वाटली नसावी. चालतंय ना, मग चालू दे! पेपर छापला की ज्ञान पोचलं असं आपण संशोधक धरून चालतो, म्हणून हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

आजही डीफिब्रिलेटरवर ‘सिंक’ नावाचं बटण असतं. कार्डिओव्हर्जन करताना ते चालू लागतं, कारण यंत्राला आर-लाट शोधायची असते. फिब्रिलेशनमध्ये ते बंद हवं. तिथे आर-लाट नसतेच, आणि चुकून सिंक चालू राहिलं तर यंत्र तिची वाट बघत शॉक देतच नाही.