संशोधन म्हणजे शुद्धी
‘संशोधन’ शब्दाच्या मुळाशी ‘शुध्’ हा धातू आहे. तेव्हा नवे सापडणे एवढ्यानेच ते पुरे होत नाही, सापडलेले पारखून घ्यावे लागते. शिवजन्मतिथीचेच पाहा. बखरींच्या आधारे शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, दीर्घकाळ मान्य होती. कारीच्या जेधे घराण्याने जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली; तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, आढळली. तरी एका कागदावर निवाडा झाला नाही. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ व राजस्थानात मिळालेली जन्मपत्रिका यांनी स्वतंत्रपणे तीच तिथी दिली, तेव्हा पारडे झुकले. जेध्यांनी ते जुनाट कागद रद्दीत टाकले असते तर? आपल्या माळ्यावरील मोडी रुमालांकडे पाहताना एवढे स्मरावे.