धुराडी साफ व्हायची राहिली होती

लंडन, गुरुवार, १६ ऑक्टोबर १८३४

पहाट

वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्यात, पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभागृहाच्या बरोबर खाली, सभागृहाला ऊब देणाऱ्या दोन भट्ट्या आहेत. एरवी त्यांत दगडी कोळसा जळतो, आज लाकूड जळणार आहे. सरकारी खजिन्याचा हिशेब शतकानुशतकं खाचा पाडलेल्या काठ्यांवर ठेवला जाई. १८२६ मध्ये ती पद्धत संपली आणि काठ्या नुसत्या पडून राहिल्या. आता त्या ठेवल्या आहेत ती खोली हवी आहे. दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या नोकरमाणसांना सरपण म्हणून वाटता आल्या असत्या, पण इमारतीची देखभाल पाहणारे रिचर्ड वेब्ली त्या भट्टीत जाळायचं ठरवतात. अधिवेशन चालू नाही, सभागृह मोकळं आहे. जोशुआ क्रॉस आणि पॅट्रिक फरलाँग हे दोन मजूर कामाला लागतात.

सकाळ ते दुपार

भट्टीतून निघालेल्या धुराच्या वाटा तळघराच्या भिंतींतून चढतात, सभागृहाच्या जमिनीखालून जातात, पुन्हा भिंतींत शिरतात आणि मग छपराबाहेर निघतात. आतून तांब्याचं अस्तर आहे. कोळसा खूप तापतो, पण त्याची ज्वाळा आखूड असते. लाकडाची ज्वाळा लांब जाते, त्यातून या वर्षानुवर्षं वाळलेल्या काठ्या. जाळ डोळ्यांसमोर राहावा म्हणून मजुरांनी भट्ट्यांची दारं उघडी ठेवली आहेत, त्यामुळे हवा भरपूर आत जाते आणि जाळ जाऊ नये तिथवर वर चढतो.

धुराड्यांची वर्षाची सफाई अजून झालेली नाही. आत काजळी आणि घट्ट मळ साचला आहे. तो मळही पेट घेऊ शकतो, आणि पेटला तर खाली उभ्या माणसाला दिसत नाही. फार तर घरघर ऐकू येते, जळका वास येतो, भिंत तापते. विटकामही खिळखिळं झालं आहे. सफाईला आत चढणारी लहान मुलं पाय रोवायला विटांत खाचा पाडत. बाहेर येताना त्या बुजवत, पण एकदा कोरलेली भिंत पहिल्यासारखी होत नाही. याच वर्षी पार्लमेंटने या मुलांसाठी कायदा केला होता, तरी त्यांना धुराड्यात चढवणं पुढे कित्येक वर्षं थांबलं नाही.

वेब्ली अधूनमधून बघून जातात. पुढे चौकशीत ते सांगतील की काठ्यांचा थर चार इंचांहून उंच नव्हता. लॉर्ड्समध्ये शेकोट्या पेटवणारा रिचर्ड रेनॉल्ड्स सांगेल की मजुरांना मुठी भरभरून काठ्या आत फेकताना त्याने पाहिलं. मजूर ते नाकारतील. वाद काहीही असो, तांब्याचं अस्तर वितळलं. तांबं वितळायला सुमारे १,०८५ अंश सेल्सियस लागतात.

दुपारी ४

स्पॅनिश आरमाराच्या पराभवाचे भव्य विणीव पडदे पाहायला दोन पाहुणे सभागृहात येतात. धूर इतका दाट की पडदे नीट दिसत नाहीत. जळका वास तर दुपारपासूनच आहे. एका कोपऱ्यात ब्लॅक रॉड या अधिकाऱ्याची बैठक आहे. तिथे पोहोचल्यावर जमिनीची धग पाहुण्यांच्या बुटांच्या तळातून पायांना लागते.

माझ्या मते दिवसाचा निकाल इथे लागला. वास, धूर, तापलेली जमीन, तिन्ही खुणा एकाच वेळी समोर होत्या. कुणी तळघरात जाऊन काम थांबवलं नाही, जमीन का तापली हे पाहिलं नाही.

४ नंतर

शेवटच्या काठ्या टाकून, भट्ट्यांची दारं लावून क्रॉस आणि फरलाँग जवळच्या दारूच्या गुत्त्यात जातात. त्यांच्या लेखी काम संपलं.

५ नंतर

धुराड्याची धग आणि ठिणग्या वरच्या लाकूडकामाला लागतात.

६

एका द्वारपालाच्या बायकोला दाराखालून उजेड दिसतो. आत ब्लॅक रॉडची बैठक पेटली आहे, पडदे आणि भिंतीवरच्या फळ्याही. ती आरडाओरडा करते. त्यानंतरची २५ मिनिटं आतली माणसं आधी गोंधळतात, मग स्वतःच आग विझवू पाहतात. बाहेरून मदत मागवली जात नाही, दुसऱ्या टोकाच्या कॉमन्स सभागृहालाही कळवलं जात नाही.

६.३०

सभागृहात आगीचा प्रचंड गोळा उसळतो. आकाश इतकं उजळतं की २० मैलांवरच्या विंडसर किल्ल्यातून राजघराण्याला ते दिसतं.

७ आणि पुढे

आता कुठे लंडनच्या अग्निशमन संस्थेला खबर मिळते. ती विमा कंपन्यांची संस्था आहे आणि राजवाड्याचा विमा नाही. तरी तिचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड १२ बंब आणि ६४ माणसं घेऊन धावतात. तोवर लॉर्ड्स संपलेलं असतं. नैर्ऋत्येचा वारा आग सेंट स्टीफन्स चॅपेलमध्ये नेतो, म्हणजे कॉमन्सच्या सभागृहात. हिंदुस्थानच्या कारभाराचा १८३३चा सनदी कायदा याच सभागृहाने मंजूर केला होता. चॅपेलचं छप्पर धडाडून कोसळतं. इंग्लंडचा लांबी मोजायचा प्रमाण यार्डही या आगीत नष्ट होतो. थेम्सला ओहोटी आहे, पाणी पुरत नाही. मग ब्रेडवुड मध्ययुगीन वेस्टमिन्स्टर हॉल वाचवण्यामागे लागतात, आणि तो वाचतो. मध्यरात्रीच्या सुमारास वारा फिरतो. नदीतला तरंगता बंब पोहोचतो तेव्हा पहाटेचा दीड वाजलेला असतो.

८ नोव्हेंबर

चौकशी समितीचा अहवाल येतो. कारण म्हणून काठ्या जाळण्याकडेच बोट दाखवलेलं आहे. मजुरांनी सांगितली तेवढी काळजी घेतली असेल यावर समितीचा विश्वास नाही, आणि वेब्लींनी पुरेशी देखरेख केली नाही याबद्दल खेद आहे. मला मजुरांचा दोष त्या मानाने लहान वाटतो. कोळशाच्या भट्टीत लाकूड घालायचा निर्णय त्यांचा नव्हता, न झाडलेलं धुराडंही त्यांच्या हातात नव्हतं.

परदेशात जुनं घर घेतलेले अनेक मराठी वाचक हिवाळ्यात हौसेने लाकडाची शेकोटी पेटवतात. त्यांना विनंती आहे की वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, जाणकार माणसाकडून धुराडं झाडून आणि आतलं अस्तर तपासून घ्या. भिंत किंवा जमीन गरम लागली, तर त्या क्षणी जाळ बंद करा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा.